भांगर की भंगार? : जुन्या खेळयंत्रांच्या जीर्णोद्धाराचा विचार

कोंकणीत सोन्याला 'भांगर' म्हणतात आणि मराठीत मोडीत निघालेल्या लोखंडाला 'भंगार'. एक काना एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकला की सोन्याचे मोडके लोखंड होते. 'पोरनें तें भांगर' हे आमच्या वडीलधाऱ्यांचे बोल, आणि त्याच अर्थाने घाटावर 'जुने ते सोने' म्हणतात. परंतु घरातील अडगळीची खोली आवरण्याची वेळ आली म्हणजे प्रत्येक जुन्या वस्तूपुढे हाच काना आपल्याला कोड्यात टाकतो. ही वस्तू जपावी, मोडावी, की तिला दुसरेच काही रूप द्यावे? प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका अशा वस्तूच्या निमित्ताने विचारावयाचा आहे, जिला कोणी वारसा म्हणेल असे तीस वर्षांपूर्वी वाटलेही नसते. ती वस्तू म्हणजे नाणे टाकून खेळावयाचे जुने खेळयंत्र. त्याला जगभर 'आर्केड' यंत्र म्हणतात आणि आपल्याकडची मुले 'व्हिडिओ गेम'.

ह्या विषयाचे सूत्र हजीऱ्याच्या किनाऱ्यावरून धरणे सोयीचे आहे. हजीरा हा शब्द मूळचा अरबी. कुंपण घातलेली जागा असा त्याचा अर्थ असून आपल्या देशात तो कबरीच्या आवारासही लावतात. तापीच्या मुखाशी वसलेल्या ह्या भागाने स्वतःच किती रूपांतरे पाहिली आहेत! जवळच्याच सुवाळीच्या बाऱ्यात सतराव्या शतकात इंग्रजांची गलबते नांगर टाकीत, आणि १६१२ साली तेथेच त्यांची पोर्तुगिजांशी झुंज झाली. आज त्याच किनाऱ्यावर पोलाद, खत आणि वायू ह्यांचे प्रचंड कारखाने उभे आहेत, आणि जुने लोखंड भट्टीत जाऊन नवे पोलाद होणे ही तेथील नित्याची गोष्ट आहे. समोर खंभातच्या आखाताचा पलीकडचा काठ. नोव्हेंबर २०२० मध्ये हजीऱ्याहून घोघ्याला मोटारींसह जाणारी बोट सुरू झाली, तेव्हा रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटरचे अंतर समुद्रावरून ९० किलोमीटरवर आले. घोघ्याच्या दक्षिणेस अलंगचा किनारा लागतो. १९८३ पासून तेथे जगभरची म्हातारी जहाजे मोडण्यास येतात.

अलंगला जहाजाचे फक्त लोखंडच निघते असे नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांस दुकानांची रांग लागलेली असते आणि तीत जहाजांवरच्या खुर्च्या, गाद्या, चिनी मातीची भांडी, स्वयंपाकाची अवजारे असे सारे विकावयास मांडलेले असते. महामारीच्या काळात तर प्रवासी जहाजांचीच तेथे गर्दी झाली. २०१९ मध्ये मुंबईहून गोव्याकडे हौशी प्रवाशांना नेणारी 'कर्णिका' बोट २०२० सरताना त्याच वाळूवर येऊन थांबली. आता अशा प्रवासी जहाजांवर करमणुकीच्या खोल्या असतात आणि त्यांत पुष्कळदा खेळयंत्रेही असतात. समजा, हजीऱ्याच्या एखाद्या वसाहतीत नोकरीनिमित्त राहिलेल्या आपल्या समाजातील गृहस्थाने पलीकडच्या बाजारातून असे एक यंत्र पेटीसकट घरी आणले. पडदा काळा, आतल्या तारा गंजलेल्या, पण पेटी धड. त्याने तिचे काय करावे? शेजारी म्हणेल, आतले सारे काढून पुस्तकांचे कपाट कर. मुलगा म्हणेल, आत लहानसा संगणक बसव, म्हणजे एकाच पेटीत शेकडो खेळ होतील. आणि जुन्या यंत्रांचा कोणी जाणकार भेटला तर तो हात जोडून विनवील की एकही खिळा काढू नकोस. तिघांचेही म्हणणे ऐकण्याजोगे आहे. मात्र निवाडा करण्यापूर्वी ह्या यंत्राचा इतिहास पाहिला पाहिजे.

नाणे टाकून खेळावयाचा पहिला व्यापारी व्हिडिओ खेळ 'कॉम्प्युटर स्पेस' १९७१ साली अमेरिकेत विकावयास आला. त्याची पेटी रंगीत फायबरग्लासची, वळणदार, एखाद्या शिल्पासारखी होती. पुढच्याच वर्षी अटारी कंपनीचा 'पाँग' आला आणि ह्या धंद्याने मूळ धरले. १९७८ साली जपानात तोमोहिरो निशिकादो ह्यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' रचला आणि १९८० साली तोरू इवातानी ह्यांच्या कल्पनेतून 'पॅकमॅन' निघाला. दहा वर्षांच्या आत ही पेटी टोकियोच्या कॉफीगृहांपासून अमेरिकेच्या बाजारपेठांपर्यंत सर्वत्र जाऊन बसली.

पेटी म्हणजे खेळाचे नुसते वेष्टन, असा आपला समज असतो. तो किती अपुरा आहे, हे 'स्पेस इन्व्हेडर्स'च्या उभ्या यंत्रावरून दिसते. त्याचा पडदा खेळणाऱ्याच्या समोर नसतो. तो खाली आडवा बसवलेला असतो. त्यावरील चित्र एका अर्धपारदर्शक आरशात उमटते आणि आरशामागे रंगवलेला चंद्राचा देखावा त्यातून दिसतो. मूळ चित्र काळेपांढरे. त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या लावून त्याला हिरवा-तांबडा रंग आणलेला. म्हणजे खेळणाऱ्याला जे दिसे ते पडदा, आरसा, कागद आणि लाकूड ह्या सर्वांनी मिळून घडविलेले होते. आणखी एक गंमत अशी की, शत्रूंची संख्या कमी होत जाई तसतसे उरलेल्यांना चितारण्यास त्या मंदगती यंत्राला कमी वेळ लागे, आणि म्हणून ते आपोआप वेगाने चालू लागत. कर्त्याने हा दोष काढून टाकला नाही. त्यातच खेळाची रंगत आहे हे त्याने ओळखले. १९७९ च्या 'अ‍ॅस्टेरॉइड्स' खेळाची गोष्टही अशीच. त्याच्या पडद्यावर ठिपक्यांनी चित्र भरत नसत. किरण थेट एका बिंदूतून दुसऱ्या बिंदूकडे रेघ ओढीत जाई. त्या रेघेचे तेज आजच्या सपाट पडद्यावर जसेच्या तसे उतरत नाही. आरसा काढून ह्या यंत्रात नवा पडदा बसवला म्हणजे खेळ चालतो खरा, पण तो पूर्वीचा खेळ राहत नाही. जाणकार विनवणी करतो, ती एवढ्याचसाठी.

तथापि इतिहासाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ह्या पेट्यांचे रूपांतर करणे हे आजच्या हौशी लोकांनी काढलेले खूळ नव्हे. तो त्या धंद्याचा जन्मापासूनचा स्वभाव आहे. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८० मध्ये 'रडार स्कोप' नावाचा खेळ काढला. अमेरिकेतील शाखेने सुमारे तीन हजार यंत्रे मागविली. त्यांतील हजारेक विकली गेली आणि उरलेली दोन हजार गोदामात पडून राहिली. शाखा बुडण्याची वेळ आली, तेव्हा शिगेरू मियामोतो ह्या तरुण चित्रकाराला सांगण्यात आले की, ह्याच पेट्यांत बसेल असा नवा खेळ रच. तो खेळ म्हणजे १९८१ चा 'डाँकी काँग'. गोदामातच पेट्या उघडून आतली जोडणी बदलण्यात आली आणि पडून राहिलेल्या मालाने कंपनीला तारले. म्हणजे ह्या खेळप्रकारातील एक अभिजात कृती रूपांतरातूनच जन्मली! पण त्याची किंमतही मोजावी लागली. आज 'डाँकी काँग' सर्वांना ठाऊक आहे, आणि धड राहिलेले 'रडार स्कोप' यंत्र मात्र शोधूनही मुश्किलीने सापडते. एकाच घटनेत लाभ आणि हानी अशी शेजारी बसलेली आहेत.

पुढे तर रूपांतर हा रिवाजच झाला. 'मिस पॅकमॅन' हा १९८२ चा गाजलेला खेळ मुळात जुन्या 'पॅकमॅन' यंत्रात बसवण्याच्या संचातून निघाला. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत ह्या व्यवसायाला ओहोटी लागली, तेव्हा मालक नवे यंत्र घेण्याऐवजी जुन्याच पेटीत नवा संच घालू लागले. १९८५ साली जपानच्या उत्पादक संघटनेने सर्व यंत्रांच्या तारांची जोडणी एकसारखी ठरवून दिली. तिला संघटनेच्या आद्याक्षरांवरून 'जामा' म्हणतात. ह्या एका ठरावाने पेटी आणि खेळ ह्यांचे लग्न कायमचे सुटले. एक सर्किट बोर्ड काढला, दुसरा खोचला, वरचे चित्र बदलले, की तासाभरात नवे यंत्र तयार.

आपल्याकडे ही यंत्रे आली ती बहुतांशी ह्या नव्या जोडणीच्या काळात. १९८०-९० च्या दशकांत मुंबई-पुण्यापासून लहान गावांपर्यंत व्हिडिओ गेम पार्लरे निघाली. रेल्वे स्थानकाजवळचा अरुंद गाळा, आत चार-सहा पेट्या, दाराशी बसलेला मालक आणि रुपया मुठीत धरून पाळीची वाट पाहणारी मुले, हे चित्र आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या वाचकांना आठवेल. १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' हा खेळ त्या मुलांनी त्यातील एका पात्राच्या नावावरून 'मुस्तफा' करून टाकला, आणि आजही भारतभर तो त्याच नावाने ओळखला जातो. ह्या पार्लरांतील पुष्कळ पेट्या परदेशी नव्हत्या. बोर्ड बाहेरचा, पण पेटी गावच्या सुताराने प्लायवुडची ठोकलेली, पिक्चर ट्यूब दूरदर्शन संचाची, आणि अंगावर स्थानिक पेंटरने रंगविलेले चित्र. आईबापांना हे स्थान व्यसनाचे वाटे. शाळा चुकवून तेथे गेल्याबद्दल अनेकांनी छड्या खाल्ल्या असतील. ती तक्रार अगदीच निराधार होती असेही म्हणता येत नाही. घरोघर संगणक आणि पुढे मोबाइल आल्यावर पार्लरे बंद पडली आणि त्या पेट्या भंगारवाल्याकडे गेल्या. आक्षेपार्ह म्हणून ज्यांच्याकडे पाहिले, त्यांचा इतिहास कोण जपणार?

आता आपल्या मंदिरपरंपरेकडे वळू. देवमूर्ती आणि करमणुकीचे यंत्र ह्यांची तुलना करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. दोहोंची पायरी वेगळी आहे, हे सांगण्याची आवश्यकताही नसावी. परंतु जीर्ण वस्तूचे काय करावे ह्याचा विचार आपल्या पूर्वजांनी ज्या शिस्तीने केला, ती शिस्त लहान वस्तूंनाही वाट दाखवू शकते. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचे स्वतंत्र विवेचन आहे. जीर्ण झालेली लाकडी मूर्ती अग्नीस अर्पण करावी, पाषाणाची पाण्यात विसर्जित करावी, आणि पूर्वीची ज्या मापाची व ज्या द्रव्याची असेल त्याच मापाची व त्याच द्रव्याची नवी स्थापावी, असा त्याचा आशय आहे. ह्यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. जीर्ण झालेले सोडून देण्याची शास्त्राला भीती वाटत नाही. आणि नवे करताना मनाला येईल तसे करण्याची मुभाही ते देत नाही.

पुरीच्या जगन्नाथाचा नवकलेवर सोहळा हे ह्याचे जिवंत उदाहरण होय. १९९६ मध्ये आणि त्यानंतर २०१५ मध्ये तेथील काष्ठमूर्ती नव्या घडविण्यात आल्या आणि जुन्या मूर्तींतील गूढ ब्रह्मपदार्थ नव्यांत ठेवण्यात आला. देह बदलला, देव तोच. आपल्या गोमंतकातील देवस्थानांचा इतिहास तर ह्याहून बोलका आहे. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली नदी ओलांडून प्रियोळास आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. मूळच्या देवळाचा एक दगडही बरोबर आला नाही, तरी आपण त्यांना नवी देवस्थाने मानीत नाही. का? कारण पूजेचा, उत्सवाचा आणि कुळांच्या नात्याचा धागा तुटला नाही. उलट नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे मंदिर घ्या. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार करविला. गोवा शासनाने अलीकडे त्या वास्तूचे काम हाती घेतले आणि २०२३ मध्ये ते पूर्ण होऊन मंदिर पुन्हा खुले झाले. येथे वास्तू हीच इतिहासाची साक्षीदार, म्हणून तिलाच जपणे प्राप्त होते. एकीकडे वास्तू सोडून देव वाचविला, दुसरीकडे वास्तूही वाचविली. दोन्ही जीर्णोद्धारच. कोणत्या वस्तूचा प्राण कोठे आहे, हे प्रत्येक वेळी ओळखावे लागते.

युरोपातील तज्ज्ञांनी १९६४ साली व्हेनिस येथे स्मारकांच्या जपणुकीची जी सनद केली, तिचा रोख थोडा निराळा आहे. जेथे केवळ तर्क सुरू होतो तेथे दुरुस्तीने थांबावे. नवा जोडलेला भाग जुन्याशी जुळावा, पण नवा म्हणून ओळखूही यावा. आणि वस्तूवर वेगवेगळ्या काळांनी जी भर घातली तिचाही मान राखावा, असे ती सांगते. अग्निपुराण सातत्याला जपते, व्हेनिसची सनद पुराव्याला. खेळयंत्रांच्या बाबतीत ह्या दोन्ही दृष्टी आपापल्या जागी उपयोगी पडतात.

ह्या कसोट्या लावून पाहू. खेळयंत्राचा प्राण कोठे आहे? काही यंत्रांत तो अक्षरशः दाखवता येतो. १९९३ नंतर कॅपकॉम कंपनीने काढलेल्या एका जातीच्या बोर्डांवर एक लहानशी बॅटरी असे. खेळ उलगडणारी सांकेतिक किल्ली त्या बॅटरीच्या बळावर स्मृतीत टिकून राही. बॅटरी संपली की यंत्र धड असूनही खेळ मुका होई. राक्षसाचा प्राण पिंजऱ्यातल्या पोपटात, अशी जी गोष्ट आपण लहानपणी ऐकली, तिचाच हा विसाव्या शतकातील अवतार! हौशी तंत्रज्ञांनी वर्षानुवर्षे खपून ती किल्ली पुन्हा बसविण्याचा मार्ग काढला, म्हणून ते खेळ आज बोलतात. इटलीच्या निकोला साल्मोरिया ह्यांनी १९९७ साली आरंभिलेल्या 'मेम' ह्या प्रकल्पाने जुन्या यंत्रांचे वर्तन संगणकावर हुबेहूब उतरवून ठेवण्याचे काम केले, ते ह्याच वृत्तीचे. शेकडो खेळांचा आज नुसता अभ्यास करावयाचा म्हटला तरी त्याच्यावाचून चालत नाही. मात्र खेळांवरचे मालकांचे हक्क त्याने संपत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

खेळ वाचला म्हणून पेटीची गरज संपली काय? न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने २०१२ मध्ये 'पॅकमॅन' इत्यादी चौदा खेळ आपल्या संग्रहात घेतले आणि पुढच्या वर्षी ते पेट्यांवाचून, भिंतीतील पडद्यांवर मांडले. त्यांच्या दृष्टीने खेळाची रचना महत्त्वाची. उलट अमेरिकेतच न्यू हॅम्पशायरमधील लॅकोनिया येथील संग्रहालयात जुनी यंत्रे पेटीसकट चालू ठेवलेली आहेत आणि येणारा माणूस नाणे टाकून ती खेळतो. वेल्सच्या किनाऱ्यावर 'ड्यूक ऑफ लँकेस्टर' नावाची जुनी बोट १९७९ पासून रुतून बसली आहे. तीत एके काळी करमणुकीचे दालन काढले होते. ते बंद पडल्यावर आतली यंत्रे अंधारात तशीच राहिली. सुमारे पाव शतकानंतर ब्रिटिश संग्राहकांनी ती विकत घेऊन क्रेनने बाहेर काढली आणि दुरुस्त केली. त्यांतील कित्येकांवर जुन्या खेळणाऱ्यांच्या हातांचे घासलेले डाग होते. असे डाग पुसून पेटी नवीकोरी करावी की ठेवावेत, ह्यावर संग्राहकांत आजही वाद होतो. व्हेनिसची सनद ज्याने वाचली, तो डाग ठेवा म्हणेल.

वस्तू वाचली आणि तिचा प्राण गेला, असे होऊ शकते काय, हे पाहण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. सावंतवाडीचा गंजिफा आपल्या उंबरठ्यावर आहे. गंजिफा हा इराणी वाटेने आलेला पत्त्यांचा खेळ. १५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठविल्याचा उल्लेख त्याच्या आत्मवृत्तात आहे. आपल्या लोकांनी त्याला दशावताराचे रूप दिले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण एकशे वीस गोल पाने. दिवसा खेळ मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो आरंभ करी. रात्री मांडला तर कृष्णाचा. म्हणजे परक्या खेळाचे रूपांतर आपण इतके मनापासून केले की तो आपल्या देवघराशेजारी येऊन बसला. सर्वच रूपांतरांना नाके मुरडणाऱ्यांनी हे विसरू नये.

पुढे छापील स्वस्त पत्ते आले आणि गंजिफा मागे पडला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत तो काढणारे चितारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. अशा वेळी शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी ह्यांनी राजवाड्यातच कारागिरांना आश्रय दिला आणि ही कला पुन्हा उभी केली. त्यांचे हे ऋण मोठे आहे. परंतु कारागिराचे पोट केवळ खेळणाऱ्यांच्या मागणीवर भरण्याजोगे राहिले नव्हते. म्हणून तीच चित्रे लाकडी पेट्यांवर, पाटांवर, घरातील शोभेच्या वस्तूंवर आली. गंजिफाचा संच आज पाहुण्याला भेट म्हणून दिला जातो, काचेमागे मांडला जातो. रूपांतराने कला जगली, कारागीर जगला, हे निर्विवाद. पण तो खेळता येणारी माणसे किती? आपल्यापैकी किती घरांत दिवेलागणीनंतर कृष्णाचा राजा कोणाकडे आहे असे विचारले जाते? पाने आहेत आणि पाळी नाही, अशी ही अवस्था आहे. खेळाच्या वस्तूचा प्राण खेळण्यात असतो. ते थांबले की ती उत्तम चित्रकला राहते, खेळ राहत नाही.

हा धडा घेऊन हजीऱ्याच्या त्या गृहस्थाकडे परत येऊ. त्याने पहिल्याने पेटी नीट पाहावी आणि तिची छायाचित्रे घ्यावी. आतला मूळ बोर्ड, मूळ पडदा, मूळ तारा जागेवर असतील, तर ती फोडू नये. अशी पूर्ण यंत्रे दिवसेंदिवस कमी होत आहेत आणि जुन्या धर्तीच्या पिक्चर ट्यूब आता कोणी करीत नाही. एकदा भंगारात गेलेली ट्यूब परत येणार नाही. दुरुस्ती मात्र जाणत्याकडूनच करवावी. रंगीत ट्यूबमध्ये वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ आत राहतो. हजीरा काय आणि कोकण काय, खाऱ्या दमट हवेत बोर्डाला गंज चढतो आणि भुशाच्या फळीची पेटी पाणी पिऊन फुगते. तेव्हा जुनी गळणारी बॅटरी आधी काढावी आणि पेटी जमिनीपासून उंच ठेवावी. सडलेली फळी बदलताना त्याच मापाची, त्याच जातीची घ्यावी, हे अग्निपुराणाचे सांगणे. आणि कोणती फळी नवी हे आतल्या बाजूस लिहून ठेवावे, हे व्हेनिसचे.

पेटी आतून रिकामीच असेल, तर शोक करू नये. तीत नवा पडदा आणि २०१२ पासून मिळू लागलेल्या 'रास्पबेरी पाय'सारखा छोटा संगणक बसवून ती मुलांच्या हाती द्यावी. त्यासाठी मूळ लाकडास नवी भोके पाडू नयेत, म्हणजे उद्या कोणाला मूळ बोर्ड सापडला तर तो पुन्हा बसू शकेल. पुस्तकांचे कपाट करणे हा शेवटचा उपाय. त्यात पेटी उरते, पण तिचा धर्म उरत नाही.

आणि ती पेटी परदेशी नसून नव्वदच्या दशकात आपल्याच एखाद्या सुताराने ठोकलेली निघाली तर? पुष्कळांना वाटेल की, ही तर नक्कल. हिचे काय जपावे? मला वाटते, ही सर्वांत जास्त जपण्यासारखी होय. अमेरिकन वा जपानी यंत्र अमेरिकेत आणि जपानात जपले जाईल; तेथे संग्रहालये आहेत, संग्राहक आहेत. रुपयाच्या नाण्याची खाच असलेली, गावच्या पेंटरने रंगविलेली पेटी जपणारे जगात दुसरे कोणी नाही. तिला घासूनपुसून परदेशी मूळ रूप देणे हा जीर्णोद्धार नव्हे. तो इतिहासाशी केलेला खोटेपणा होईल. दशावतारी गंजिफ्याला कोणी इराणी पत्त्याची नक्कल म्हणून टाकले असते, तर आपण काय गमावले असते, ह्याचा विचार करावा.

आपल्या मंदिरांच्या सभागृहांत, संस्थांच्या वास्तूंत, घरांच्या माळ्यांवर अशा कितीतरी वस्तू पडलेल्या असतील: गंजिफ्याचे अपुरे संच, सोंगट्यांचे पट, आणि आता ही यंत्रेही. त्यांची यादी करण्याचे काम एखाद्या उत्सवाच्या निमित्ताने सहज होऊ शकेल. त्या दिवशी ती सभामंडपाबाहेर ओसरीवर मांडावी आणि आजोबांनी नातवाला गंजिफा, बापाने मुलाला 'मुस्तफा' शिकवावा. यंत्र दुरुस्त करण्यास पैसा लागतो, जागा लागते. खेळ शिकवण्यास संध्याकाळचा एक तास पुरतो, आणि तो तास देणारी माणसे आज आहेत, पुढच्या पिढीत असतीलच असे नाही. भंगारचा काना उचलून भांगरच्या जागी नेणे एवढ्याने साधते.